टॉर्कचं माप: न्यूटन-मीटर, फूट-पाउंड, केजी-मीटर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टॉर्क म्हणजे बोल्ट फिरवणारा जोर: पान्यावर लावलेलं बल गुणिले पान्याची लांबी. हे पान फिटर, मेंटेनन्सवाले, आयटीआयची मुलं आणि स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणारे अशा सगळ्यांसाठी आहे. प्रश्न रबाळे-महापे पट्ट्यातल्या शॉप फ्लोअरवर आणि वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये नेहमी कानावर पडणारे आहेत. गुणाकार सगळ्यांना येतो. चूक होते ती समोरचा आकडा कुठल्या एककात आहे हे न पाहता पाना लावल्यामुळे, म्हणून उत्तरांचा भर त्यावरच आहे.

टॉर्कच्या एककांचा एवढा घोळ आपल्याच भागात का दिसतो?

यंत्रं चहूकडून आलेली आहेत म्हणून. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एकाच शेडमध्ये जर्मन कॉम्प्रेसर, जपानी मशीन, अमेरिकन पंप आणि देशी गिअरबॉक्स शेजारी शेजारी चालतात. जर्मन पुस्तिका न्यूटन-मीटर सांगते, जुनी जपानी पुस्तिका केजी-मीटर, अमेरिकन पुस्तिका फूट-पाउंड. केमिकल प्लांटमधले बरेच फ्लँज (पाइप एकमेकांना जोडायच्या चकत्या) अमेरिकन मानकाचे, त्यांचे स्टड (डोकं नसलेले बोल्ट) इंचात. त्यात आपल्या फिटरची बोलीही अजून ‘चार सुती बोल्ट’ आणि ‘तीन सुती स्टड’ अशीच आहे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

कायद्याच्या दृष्टीने भारतात वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ प्रमाणे आंतरराष्ट्रीय मेट्रिक पद्धतच चालते. पण कायदा झाला म्हणून न्हावा-शेवा बंदरात उतरलेल्या मशीनची पुस्तिका बदलत नाही.

पाठ करावेत असे आकडे कोणते?

एवढे पुरतात:

१ फूट-पाउंड = १.३५६ न्यूटन-मीटर
१ इंच-पाउंड = ०.११३ न्यूटन-मीटर
१ केजी-मीटर = ९.८०७ न्यूटन-मीटर
१ केजी-सेंटीमीटर = ०.०९८ न्यूटन-मीटर

उलट दिशेने १ न्यूटन-मीटर म्हणजे ०.७३८ फूट-पाउंड, ८.८५ इंच-पाउंड किंवा १०.२ केजी-सेंटीमीटर. १ केजी-मीटर म्हणजे ७.२३ फूट-पाउंड. इलेक्ट्रॉनिक्सच्या बारीक स्क्रूंसाठी कधी औंस-इंच येतो. १६ औंस-इंच मिळून १ इंच-पाउंड, म्हणजे १ औंस-इंच जेमतेम ७ मिलिन्यूटन-मीटर.

१.३५६ हा आकडा आला कुठून?

तीन ठरलेल्या मापांच्या गुणाकारातून. १ पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो आणि १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, हे १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून नेमकं ठरलेलं आहे. प्रमाण गुरुत्व त्वरण ९.८०६६५ हे १९०१ साली ठरलं. तिघांचा गुणाकार १.३५५८१७९ येतो. शॉप फ्लोअरवर १.३५६ भरपूर झालं.

कॅल्क्युलेटर हाताशी नाही. तोंडी हिशेब कसा करू?

न्यूटन-मीटरवरून फूट-पाउंड हवे असतील तर पाऊणपट करा आणि आलेल्या उत्तरातून त्याचाच साठावा भाग वजा करा. १२० न्यूटन-मीटरचे पाऊणपट ९०, त्याचा साठावा भाग दीड, उत्तर ८८.५. काटेकोर उत्तरही ८८.५ च आहे.

उलट जायचं तर एक तृतीयांश मिळवा, मग आलेल्या आकड्याचा साठावा भाग मिळवा. ९० फूट-पाउंडचे १२०, त्यात २ मिळवले की १२२. केजी-मीटरचं तर सगळ्यात सोपं: दहाने गुणा आणि २ टक्के कमी करा, ६ केजी-मीटर म्हणजे ६० वजा १.२, अर्थात ५८.८ न्यूटन-मीटर. इंच-पाउंडला नऊने भागलं की न्यूटन-मीटर जवळपास मिळतात, पण ते पावणेदोन टक्के कमी भरतात हे ध्यानात असू द्या.

कामाचा आकडा कागदावर करूनच घ्या. तोंडी हिशेबाचा उपयोग तो आकडा ताडून पाहायला करा. उत्तर दहापट किंवा बारापट चुकलं असेल तर तोंडी हिशेबात लगेच दिसतं.

फूट-पाउंड आणि इंच-पाउंड यांत गल्लत झाली तर खरंच एवढं बिघडतं?

हो. आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

१ फूटात १२ इंच, म्हणजे गल्लत थेट बारापटीची. समजा एखाद्या कव्हरच्या ८ मिलिमीटर बोल्टसाठी पुस्तिकेत १०८ इंच-पाउंड दिले आहेत. ते होतात १२.२ न्यूटन-मीटर, मनगटाच्या जोराने सहज आवळले जातील एवढे. घाईत ‘१०८’ तेवढा वाचला आणि अर्धा इंची ड्राइव्हचा (गोटी बसते त्या चौकोनी टोकाचा) मोठा टॉर्क पाना, जो लावलेला टॉर्क आला की खटका वाजवतो, १०८ फूट-पाउंडवर लावला, तर खटका वाजायला १४६ न्यूटन-मीटर लागतील. ८ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा) बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. म्हणजे खटका वाजायच्या खूप आधीच बोल्ट कापला जाणार, नाहीतर ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमधले आटे बोल्टसकट बाहेर येणार. मग ड्रिल मारा, नवे आटे पाडा, इन्सर्ट बसवा. दहा मिनिटांच्या कामात शिफ्ट जाते.

उलटी चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. फूट-पाउंडाचा आकडा इंच-पाउंड समजून आवळला तर बोल्टवर बाराव्या हिश्शाचा टॉर्क येतो. हाताला घट्ट लागतो, चाचणीत मशीन चालतंही आणि कंपनं सुरू झाली की नट सुटायला लागतो.

यावर एक साधी खूण आहे. बोल्टचा व्यास पाहा आणि आकडा त्याला शोभतो का ते स्वतःला विचारा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला कोणी १०० न्यूटन-मीटर सांगितले, तर पाना खाली ठेवा आणि पुस्तिका पुन्हा उघडा.

न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड यांत तरी गल्लत चालेल का? फरक थोडाच आहे.

थोडा नाही. १०० फूट-पाउंड सांगितलेले असताना १०० न्यूटन-मीटरला आवळलं तर पाव हिस्सा टॉर्क कमी पडतो. १०० न्यूटन-मीटरच्या जागी १०० फूट-पाउंड मारले तर ३५ टक्क्यांहून जास्त टॉर्क जादा होतो. बोल्टचे आकडे काढताना एवढा वाव कोणी सोडत नाही.

काही ठिकाणी फूट-पाउंड लिहितात, काही ठिकाणी पाउंड-फूट. दोन्ही वेगळे आहेत का?

टॉर्कसाठी दोन्ही एकच.

केजी-मीटर, केजीएफ-मीटर, केपी-मीटर, डेकान्यूटन-मीटर?

पहिले तीन एकच. किलो हे वस्तुमानाचं एकक आहे, बलाचं नाही, म्हणून काटेकोर लिहिणारे ‘केजीएफ’ लिहितात. जुन्या जर्मन कागदांत त्यालाच ‘केपी’ म्हटलेलं आढळतं. डेकान्यूटन-मीटर म्हणजे बरोबर १० न्यूटन-मीटर. केजी-मीटरपेक्षा तो २ टक्के मोठा, पण पुस्तिकेत दोघे सारखेच दिसतात.

न्यूटन-मीटर लिहिताना एन आधी आणि एम नंतर असू द्या. उलट लिहिलं तर वाचणारा ते मिलिन्यूटन समजू शकतो.

किलोला सरळ १० न्यूटन धरले तर काय बिघडेल?

साध्या बोल्टला काही नाही. २ टक्क्यांचा फरक आहे आणि चांगल्या टॉर्क पान्यालाही आयएसओ ६७८९ मानकाप्रमाणे ४ टक्क्यांपर्यंत सूट असते, लहान पान्यांना ६ टक्के. खुद्द काही वाहन कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये ‘८५ न्यूटन-मीटर, ८.५ केजी-मीटर’ असे शेजारी शेजारी छापलेले आकडे दिसतात. ते याच सोयीच्या हिशेबाने आलेले.

मात्र पाना तपासताना हा हिशेब चालत नाही. दांड्याला वजन टांगून तपासणी करत असाल तर प्रमाण ९.८०६६५ सुद्धा चालत नाही. आपल्या ठाणे-मुंबईच्या अक्षांशावर गुरुत्व त्वरण ९.७८६ च्या आसपास आहे. १ मीटरच्या दांड्याला १० किलोचं वजन टांगलं तर इथे ९७.८६ न्यूटन-मीटर टॉर्क येतो, ९८.०७ नाही. फरक ०.२ टक्क्यांचा. बोल्टला तो कळणार नाही, पण कॅलिब्रेशनच्या (पाना प्रमाण मापाशी ताडून पाहण्याच्या) कागदावर तो धरावाच लागतो.

रूपांतर केल्यावर दशांश चिन्हापुढे किती आकडे ठेवू?

मूळ आकड्याइतकीच बारकाई ठेवा. पुस्तिकेत ६५ फूट-पाउंड असतील तर ८८.१२८ लिहिण्यात अर्थ नाही. पान्यावर तेवढं लावताच येत नाही. ८८ लिहा.

सोबत मर्यादा दिली असेल तर तिचंही रूपांतर करा. हे फार जण विसरतात. ‘६५ अधिक-उणे ५ फूट-पाउंड’ म्हणजे ६० ते ७०, अर्थात ८१.३५ ते ९४.९१ न्यूटन-मीटर. पूर्णांकात आणताना खालची मर्यादा वर न्या आणि वरची खाली आणा: ८२ ते ९४. नेहमीच्या नियमाने जवळचा पूर्णांक घेतला तर ८१ आणि ९५ येतात आणि दोन्ही टोकांना तुम्ही मूळ मर्यादेच्या बाहेर पडता. ऑडिटमध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं जातं आणि माझ्या मते ते रास्त आहे.

माझ्या पान्यावर दोन स्केल आहेत. वाचायचा कसा?

आधी कोणत्या बाजूला कोणतं एकक आहे ते पाहा. बहुतेक खटक्याच्या पान्यांवर नळीच्या एका बाजूला न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड कोरलेले असतात, आणि ग्रीसने माखलेल्या हातात पाना उलटा कधी फिरला ते कळत नाही. मुठीखालचं लॉक सोडा. मूठ फिरवाल तसतशी तिची कडा नळीवरच्या मुख्य रेघांवरून वर सरकते. त्या रेघा कितीच्या टप्प्याने आहेत ते नीट पाहा. काही पान्यांवर १० चा टप्पा असतो, काहींवर १४ चा. ८८ लावायचे असतील आणि टप्पा १० चा असेल तर मुठीची कडा ८० च्या रेघेवर आणा, गोल स्केलचा शून्य उभ्या रेघेला जुळवा आणि मग ८ पर्यंत फिरवा. लॉक लावा. खटका वाजला की थांबा. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा खटके वाजवणारे दर खटक्याला थोडा टॉर्क वाढवत असतात.

दोन्ही स्केल एकमेकांशी जुळतात का तेही एकदा तपासा. १०० न्यूटन-मीटरच्या समोर ७४ च्या आसपास फूट-पाउंड यायला हवेत. स्वस्त पान्यांवर ते नेहमी जुळतातच असं नाही. मग ज्या स्केलवर कॅलिब्रेशन झालं आहे तेच वापरा आणि दुसऱ्यावर रंग मारून टाका. काम संपल्यावर मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, स्प्रिंग टिकते.

डिजिटल पान्याला एकक बदलण्याचं बटण असतं आणि मागच्या शिफ्टने ते कशावर ठेवलं होतं हे कुणी सांगत नाही. आकडा लावण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातलं एकक वाचा.

जागा अडचणीची आहे, पुढे क्रो-फूट लावला. आकडा बदलतो का?

क्रो-फूट म्हणजे गोटीऐवजी पान्याच्या टोकाला लावायचा उघड्या तोंडाचा जोड. तो पान्याच्या सरळ रेषेत पुढे असेल तर आकडा बदलतो. पान्याची लांबी (ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत) ४५० मिलिमीटर, क्रो-फूट ५० मिलिमीटर, बोल्टला हवेत १२० न्यूटन-मीटर. तर १२० गुणिले ४५०, भागिले ५००, म्हणजे १०८ लावायचे. क्रो-फूट काटकोनात लावला तर मूळ आकडाच ठेवा. गोटी आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये लावतो त्या सरळ एक्स्टेंशनने आकडा बदलत नाही.

इथे लांबीचं फक्त गुणोत्तर लागतं, त्यामुळे लांबी मिलिमीटरमध्ये घ्या की इंचात, दोन्ही एकाच एककात असल्या म्हणजे झालं. मुठीला पाइप मात्र लावू नका.

रूपांतर बरोबर होतं, पाना तपासलेला होता, तरी बोल्ट ताणला गेला. असं कसं?

आपण मोजतो टॉर्क आणि आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण. लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो. घर्षण थोडं बदललं तरी ताण बराच बदलतो.

टॉर्क म्हणजे घर्षणावर अवलंबून असलेला एक गुणांक गुणिले बोल्टचा व्यास गुणिले ताण, असा ढोबळ हिशेब आहे. कोरड्या पोलादी बोल्टला गुणांक ०.२ धरतात, तेल लावलेल्याला ०.१५ च्या आसपास. १२ मिलिमीटर बोल्टमध्ये ४० किलोन्यूटन ताण हवा असेल तर कोरड्याला ९६ न्यूटन-मीटर, तेल लावलेल्याला ७२. आता कोरड्यासाठीचे ९६ तेल लावलेल्या बोल्टवर मारले तर ताण ५३ किलोन्यूटनवर जातो. ८.८ ग्रेडच्या १२ मिलिमीटर बोल्टचा प्रूफ लोड (कायमचा न ताणता बोल्ट पेलू शकतो तो भार) साधारण ४९ किलोन्यूटन आहे. म्हणजे हद्द ओलांडली, आणि त्यात एककाची काहीच चूक नव्हती.

आपल्याकडे पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या बोल्टच्या आट्यांना गंज धरतो. त्यावर तोच टॉर्क मारला तर ताण कमी पडतो. त्यामुळे पुस्तिकेत आकड्याशेजारी ‘कोरडे आटे’ लिहिलं आहे की ‘तेल लावून’, ते एककाइतक्याच काळजीने वाचा. आटे ब्रशने साफ करा आणि सांगितलं असेल तेच वंगण लावा.

अमेरिकन तक्त्यावरून हिशेब करत असाल तर व्यास इंचात आणि ताण पाउंडात घेतल्यावर उत्तर इंच-पाउंडात येतं, हेही विसरू नका. फूट-पाउंड हवे असतील तर बाराने भागा.

चार सुती स्टड मिळाला नाही, त्याऐवजी १२ मिलिमीटरचा घातला. जुना टॉर्क रूपांतर करून चालेल?

नाही. रूपांतर एककाचं होतं, बोल्टचं नाही. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. अमेरिकन जाड आट्यांत त्याला इंचाला १३ आटे, व्हिटवर्थमध्ये (जुन्या ब्रिटिश पद्धतीत) १२. आपल्या १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.७५ मिलिमीटर. आट्यांपाशी भार पेलणारं क्षेत्रफळही वेगळं: अर्धा इंची अमेरिकन बोल्टचं ९१.५ चौरस मिलिमीटर, १२ मिलिमीटरच्याचं ८४.३. नव्या बोल्टचा आकार आणि ग्रेड पाहून टॉर्क नव्याने काढावा लागतो, आणि फ्लँजवर असा बदल डिझाइनवाल्यांना विचारल्याशिवाय करूच नये. १२ मिलिमीटरच्या बोल्टवर अर्धा इंची नट सहज सरकतो, दोनचार फेरे बसल्यासारखाही वाटतो. तो भार घेत नाही.

कॅलिब्रेशन सर्टिफिकेट न्यूटन-मीटरमध्ये आहे आणि मी फूट-पाउंडात काम करतो. चालेल?

टक्क्यांत दिलेली चूक कुठल्याही एककात तीच राहते, त्यामुळे तेवढ्यापुरतं चालेल. पण वर म्हटल्याप्रमाणे दुसरं स्केल कोरण्यात चुकलेलं असू शकतं. प्रयोगशाळेला पाना देतानाच कोणतं स्केल वापरता ते सांगा. पुन्हा तपासणीसाठी १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यांतलं जे आधी होईल ते धरण्याची रीत आहे.

न्यूटन-मीटर आणि ज्यूल एकच ना?

मितीने एक, अर्थाने नाही. टॉर्क ज्यूलमध्ये लिहू नका. फॅब्रिकेशनवाल्यांना मटेरियलच्या इम्पॅक्ट टेस्टच्या कागदावर ‘२० फूट-पाउंड’ दिसतात. ती ऊर्जा आहे, म्हणजे २७ ज्यूल. गुणक तोच १.३५६, पण तिचा टॉर्क पान्याशी काही संबंध नाही.

मोटरवर एचपी आणि आरपीएम लिहिलेलं असतं. त्यावरून टॉर्क?

किलोवॉट गुणिले ९,५४९ भागिले आरपीएम केलं की न्यूटन-मीटर. एचपी गुणिले ५,२५२ भागिले आरपीएम केलं की फूट-पाउंड. १,४४० आरपीएमची ७.५ किलोवॉटची मोटर, जिला आपण १० एचपी म्हणतो, साधारण ५० न्यूटन-मीटर देते, फूट-पाउंडात ३६ ते ३७. गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘पीएस’ असेल तर तो मेट्रिक हॉर्सपॉवर, ७३५.५ वॉटचा. ब्रिटिश एचपी ७४५.७ वॉटचा.

घोडबंदर रोडवर टायर बदलला. दुकानदाराने हवेच्या गनने नट मारले. मी घरी काय तपासू?

गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटचा टॉर्क दिलेला असतो. समजा ११० न्यूटन-मीटर आहे, तर तो ८१ फूट-पाउंड किंवा ११.२ केजी-मीटर. गनने बहुधा त्याहून जास्तच आवळलेलं असतं, आणि नुसता पाना लावून खटका ऐकला तर जादा आवळलेलं कळत नाही, खटका लगेच वाजतो एवढंच. म्हणून एकेक नट सैल करून, समोरासमोरचे नट धरत, पान्याने पुन्हा आवळा. थोडं चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा.

जॉब कार्डवर कोणता आकडा लिहू?

दोन्ही. पुस्तिकेतला मूळ आकडा त्याच्या एककासह आधी लिहा, शेजारी न्यूटन-मीटर, त्यापुढे मर्यादा आणि आटे कोरडे की तेल लावलेले ते. असं: ‘६५ फूट-पाउंड = ८८ न्यूटन-मीटर (८२ ते ९४), तेल लावून’. नुसतं ‘८८’ कधीही लिहू नका. फक्त रूपांतरित आकडा लिहिला की पुढच्या शिफ्टचा माणूस तो फूट-पाउंड समजून पुन्हा रूपांतर करतो आणि बोल्टवर ११९ न्यूटन-मीटर जातात. एकक अक्षरांत लिहिलेलं असेल, तर रात्रपाळीला अर्धवट उजेडातही ते वाचता येतं.